भूल कोण देणार?

ग्रामीण रुग्णालयांतल्या रिकाम्या जागांचा विषय निघाला की पहिले वाक्य ठरलेले असते : डॉक्टरांना खेड्यात जायला नको. मंत्री ते सभागृहात म्हणतात, अग्रलेखात ते येते, पारावरचा माणूसही तेच म्हणतो. या तिघांचे एकमत व्हावे असे विषय आपल्याकडे फार नाहीत, त्यामुळे ते तपासून बघावे असे कुणाला वाटतही नाही. मला हे मत उथळ वाटते. खोटे म्हणत नाही, उथळ म्हणतो. कारण ते गोष्टीचा शेवट तेवढा पाहते.

माझे म्हणणे असे. ग्रामीण रुग्णालयातली तज्ज्ञाची जागा जाहिरात निघते तेव्हा रिकामी होत नाही, ती दहा-बारा वर्षे आधीच रिकामी झालेली असते. वैद्यकीय शिक्षणाला कोण निवडला गेला, तो कुठल्या रुग्णालयात घडला, त्याच्या हाताला नेमके काय करता येऊ लागले आणि वर चढायची पायरी त्याला कुठे दिसली, या चार गोष्टी जागा भरणार की नाही ते ठरवतात. त्याची इच्छा, नियत, त्याग वगैरेंचा नंबर पाचवा. आपण पाचव्यापासून सुरुवात करतो आणि तिथेच थांबतो.

उदाहरण भूलतज्ज्ञाचे घेतो. अवघड जागांमध्ये ही सर्वांत बोलकी. शस्त्रक्रिया करणाऱ्याचे नाव रुग्णाच्या घरात वर्षानुवर्षे निघते. भूल कोणी दिली हे कोणी विचारलेलेही नसते.

१. बेरीज की गुणाकार?

सरकारी मापदंड सांगतात की सपाट प्रदेशात १,२०,००० आणि डोंगरी वा आदिवासी भागात ८०,००० लोकसंख्येमागे एक ग्रामीण रुग्णालय हवे, तीस खाटांचे. तिथे शल्यचिकित्सक, स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, फिजिशियन आणि भूलतज्ज्ञ असावेत. केंद्राच्या २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीनुसार देशभरात या पातळीवर तज्ज्ञांची तूट गरजेच्या सुमारे ८० टक्के होती. गंमत अशी की हा गाजलेला आकडा पहिल्या चार तज्ज्ञांचा आहे. भूलतज्ज्ञ त्या बेरजेत धरलेलाच नाही.

मुळात बेरीज हाच चुकीचा हिशेब आहे. पाचपैकी तीन जागा भरल्या म्हणजे साठ टक्के काम होईल, असे मंत्रालयातल्या तक्त्यात दिसते. सिझरच्या टेबलावर तसे होत नाही. तिथे स्त्रीरोगतज्ज्ञ हवा, भूलतज्ज्ञ हवा, बाळ रडले नाही तर ते हातात घेणारा कोणी हवा, आणि रक्त साठवलेला फ्रीज चालू हवा. यातले एक नसले की उरलेले तिघे प्रेक्षक होतात. समजा, प्रत्येक जण महिन्यातले निम्मे दिवस हजर आहे आणि प्रत्येकाचे दिवस दुसऱ्याशी न जुळवता पडतात. तिन्ही डॉक्टर एकत्र सापडण्याची शक्यता मग अष्टमांश राहते. महिन्याला चार दिवस. बाळंतपण काही त्या चार दिवसांची वाट बघत थांबत नाही.

याचा पुढचा परिणाम तक्त्यात कधीच दिसत नाही. भूल देणारा नाही म्हणून जी स्त्रीरोगतज्ज्ञ वर्षभर फक्त तपासण्या करते आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन लावते, तिच्या हाताची सवय सुटते. शस्त्रक्रिया हे हाताचे काम आहे, ते न केल्यास जाते. तिला हे कळते, आणि दुसऱ्या वर्षी ती राजीनामा देते. आपण म्हणतो, बघा, खेड्यात टिकली नाही. तिला गाव नकोसे झालेले नसते. तिथे तिला तिचे काम करता येत नव्हते. एक रिकामी जागा अशी शेजारची जागा रिकामी करते. म्हणून एकेक पद भरण्याच्या मोहिमा म्हणजे गळक्या हंड्यात पाणी.

२. वाट कोणी बुजवली?

तालुक्याच्या गावातल्या जुन्या दवाखान्यांच्या पाट्या आठवतात का? नावापुढे एल.सी.पी.एस. असे. मुंबईच्या कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्सची ती पदविका, संस्था १९१२ ची. एमबीबीएसपेक्षा कमी कालावधीची, पण त्या डॉक्टरांनी कितीतरी तालुके सांभाळले. देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीने १९४६ च्या अहवालात हे परवानाधारक डॉक्टर घडवणे थांबवून देशभर एकच, पदवीधर डॉक्टर ठेवावा असे सुचवले. समितीतल्या सहा सदस्यांचे मत वेगळे पडले होते. मनुष्यबळ अपुरे असताना हा मार्ग बंद करू नका, असे त्यांचे म्हणणे. त्या वेळी देशातल्या नोंदणीकृत डॉक्टरांपैकी बहुसंख्य याच परवानाधारक वर्गातले होते. भोर समितीचा हेतू उदात्त होता, गरिबालाही पूर्ण डॉक्टर मिळावा. प्रत्यक्षात पूर्ण डॉक्टर शहरात राहिला आणि गरिबाच्या वाट्याला आला तो कसलेच शिक्षण नसलेला.

दुसरी वाट आपल्या डोळ्यांदेखत बंद झाली. प्राथमिक आरोग्य केंद्रात काही वर्षे काढलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्यासाठी डीए, डीजीओ, डीसीएच या भूल, स्त्रीरोग आणि बालरोगाच्या दोन वर्षांच्या पदविका ही चढण्याजोगी शिडी होती. भारतीय वैद्यक परिषदेच्या नियमांत दुर्गम भागात किमान तीन वर्षे सेवा केलेल्या सरकारी डॉक्टरांसाठी पदविकेच्या निम्म्या जागा राखीव होत्या. मोखाड्यात तीन पावसाळे काढ, मग भूलशास्त्र शीक, असा रोकडा व्यवहार. २०१८ नंतर परिषदेने या पदविकेच्या जागा पदवीत बदलून घेण्याची मुभा दिली आणि महाविद्यालयांनी ती आनंदाने वापरली. एमडी म्हणजे जास्त प्रतिष्ठा, शिवाय अध्यापक व्हायला पात्र. कागदावर दर्जा वाढला. पण दुर्गम केंद्रातल्या डॉक्टरच्या पायाखालची शिडी निघाली आणि त्याला पंचविशीतल्या मुलांबरोबर नीट-पीजी या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेच्या रांगेत उभे राहावे लागले. जो रात्री सर्पदंशाचा रुग्ण बघतो तो बहुपर्यायी प्रश्नांचा सराव कधी करणार?

दुरुस्ती झाली, ती उशिरा आणि अर्धी. ३१ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना पदव्युत्तर पदवीच्या जागांत सेवेतल्या डॉक्टरांसाठी कोटा ठेवण्याचा अधिकार आहे असा निकाल दिला. त्याच वर्षी राष्ट्रीय परीक्षा मंडळाने भूलशास्त्रासह आठ विषयांत दोन वर्षांच्या पदविका पुन्हा आणल्या, जिल्हा रुग्णालयांतही चालवता येतील अशा. कल्पना नेमकी आहे. पण त्या चालवायला जिल्हा रुग्णालयात शिकवणारा ज्येष्ठ भूलतज्ज्ञ हवा, आणि नेमकी तीच जागा रिकामी!

३. घडतो कुठे, तसा होतो

गावातला मुलगा वैद्यकीय महाविद्यालयात पोचतच नाही, असे आता म्हणता येणार नाही. लातूर-नांदेडच्या शिकवण्यांनी मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांची कितीतरी मुले तिथे पोचवली आहेत. प्रश्न पोचल्यानंतरचा आहे. साडेपाच वर्षे तो ज्या इमारतीत काढतो तिथे प्रत्येक आजाराला एक विभाग, प्रत्येक शंकेला एक तपासणी आणि प्रत्येक अडचणीला वरिष्ठ असतो. शेवटचे वर्ष आंतरवासितेचे, म्हणजे हाताला वळण लागायचे. ते आज नीट-पीजीच्या अभ्यासात जाते, हे कुठल्याही इंटर्नला विचारा. तो हसून सांगेल. परिणाम असा की एमबीबीएस झालेल्या तरुणाला दुर्मिळ सिंड्रोमचे नाव पाठ असते, पण एकट्याने अडलेले बाळंतपण निभावण्याची हिंमत नसते. त्याला खेड्याची भीती वाटते, आणि ती भीती प्रामाणिक आहे. आपण तिला स्वार्थ म्हणतो.

जपानने हा प्रश्न उलट्या टोकाकडून सोडवला. १९७२ मध्ये तिथे जिची वैद्यकीय विद्यापीठ सुरू झाले. प्रत्येक प्रांत आपापले दोन-तीन विद्यार्थी तिथे पाठवतो. शुल्काचा भार प्रांत उचलतो. पदवीनंतर विद्यार्थी साधारण नऊ वर्षे आपल्या प्रांताने नेमून दिलेल्या ठिकाणी काम करतो. इथे कोणी लॉटरीने खेड्यात फेकला जात नाही. तो पहिल्या दिवसापासून कोणाचा तरी असतो, आणि कुठे जाणार ते माहीत असलेल्या माणसाला काय शिकायचे हेही कळते. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१० च्या शिफारशींत आणि २०२१ च्या सुधारित मार्गदर्शनात हेच सुचवले : ग्रामीण पार्श्वभूमीचे विद्यार्थी निवडा, शिक्षण शहराबाहेर न्या, अभ्यासक्रमात ग्रामीण काम आणा. आपल्याकडे पदव्युत्तर विद्यार्थ्याला जिल्हा रुग्णालयात तीन महिने काढण्याचा नियम २०२० मध्ये झाला. तीन वर्षांतले तीन महिने. चव कळण्यापुरते.

४. अठरा आठवडे

आता या लेखातली सर्वांत वादग्रस्त गोष्ट. भूलतज्ज्ञ मिळत नाहीत हे ओळखून केंद्राने एमबीबीएस वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी जीवरक्षक भूलकौशल्याचे प्रशिक्षण आणले, सुरुवातीला अठरा आठवड्यांचे. सिझर करण्याचेही असेच, सोळा आठवड्यांचे. अठरा आठवड्यांत भूल शिकता येते का?

काय शिकायचे असते ते जवळून पाहू. सिझरला बहुधा पाठीतून भूल देतात. बाई कुशीवर किंवा पाय सोडून बसलेली, पोट आडवे येत असताना जमेल तेवढी वाकलेली. कमरेच्या तिसऱ्या-चौथ्या मणक्यांमधली फट बोटाने चाचपायची, केसासारखी बारीक सुई सरळ आत घालायची. एक हलकी 'टक' जाणवते, मागून पाण्यासारखा स्वच्छ थेंब येतो. मग जेमतेम दोन मिलिलिटर ब्युपिवाकेन. हे सगळे हुशार माणूस काही आठवड्यांत शिकतो. खरी परीक्षा पुढच्या दहा मिनिटांची. रक्तदाब झपकन उतरतो, बाई म्हणते मळमळतंय, तोंड पांढरे पडते. टेबल डावीकडे कलंडवायचे, सलाइन सोडायचे, दाब वाढवणारे औषध शिरेतून द्यायचे. भूल वर चढत छातीपर्यंत गेली आणि श्वास थांबू लागला, तर नळी घालून श्वास आपल्या हाताने द्यायचा. सुई टोचणे म्हणजे भूलशास्त्र नव्हे. त्या दहा मिनिटांत हात थरथरू न देणे म्हणजे भूलशास्त्र. म्हणून मी असे म्हणतो की अठरा आठवड्यांत भूलतज्ज्ञ होत नाही, पण सिझरपुरती भूल सुरक्षितपणे देणारा आणि आपली मर्यादा ओळखणारा डॉक्टर होऊ शकतो. अट एकच. शिकल्यावर तो दर आठवड्याला ते करत राहिला पाहिजे.

आपली योजना नेमकी याच अटीवर अडखळली. शिकून आलेल्याला स्त्रीरोगतज्ज्ञ नसलेल्या ठिकाणी नेमले. कुठे त्याला लसीकरण, शिबिरे आणि अहवालांतून सवड मिळेना. वरिष्ठ भूलतज्ज्ञांनी त्याला आपले मानले नाही. पगारात त्या कौशल्याची खूण दिसेना. आणि काही घडले तर पाठीशी कोण, याचे उत्तर कोणाकडे नव्हते. डॉक्टर ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येतात हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केले होते. ते योग्यच होते. पण ज्याला राज्यानेच अर्धे कौशल्य देऊन उभे केले त्याच्यामागे राज्याने पूर्ण उभे राहायला हवे होते. तसे झाले नाही. त्यामुळे त्याने शहाणपणाने सुई खाली ठेवली. यात दोष प्रशिक्षणाच्या लांबीचा थोडा आणि त्यानंतरच्या पोकळीचा फार.

५. चार आक्षेप

पहिला : पैसे मोजा, येतील. राष्ट्रीय आरोग्य अभियानात 'तुम्ही रक्कम सांगा, आम्ही देऊ' अशा थाटाच्या नेमणुकाही झाल्या. पैसा महत्त्वाचा आहे, पण तो असलेली माणसे हलवतो, नसलेली घडवत नाही. तालुक्याच्या गावात गाडीच्या डिकीत बॅग ठेवून चार नर्सिंग होम्समध्ये भूल देत फिरणारा एक भूलतज्ज्ञ असतो. जास्त पैसे दिले तर तो पाचव्या ठिकाणी येईल, रात्री दोन वाजता मात्र एकाच ठिकाणी असेल.

दुसरा : सक्ती करा. ती आहेच. महाराष्ट्रात सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्याला एक वर्षाची बंधपत्रित सेवा, ती चुकवली तर १० लाख रुपये दंड. बॉण्डवर येणारा डॉक्टर हा नुकता उत्तीर्ण झालेला, तज्ज्ञ नसलेला, पिशवीत नीट-पीजीची पुस्तके असलेला मुलगा असतो. त्याने ओपीडी चालते, ऑपरेशन थिएटर चालत नाही. शिवाय बॉण्ड विद्यार्थ्याला पहिल्या दिवशीच सांगतो की खेडे ही शिक्षा आहे आणि तिची किंमत अमुक इतकी.

तिसरा : महाविद्यालये वाढवा. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात एकाच दिवशी दहा नव्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची सुरुवात झाली. गडचिरोली, हिंगोली, वाशीम, बुलढाणा त्यात आहेत. मी याचे स्वागत करतो, जिल्ह्यात रुग्णालय मोठे होईल. पण अध्यापक त्याच तोकड्या साठ्यातून येणार. आणि अभ्यासक्रम व निवड तीच राहिली तर गडचिरोलीत शिकलेला मुलगाही पुण्याच्याच दिशेने बघणार. नंदुरबारला महाविद्यालय आले, म्हणून त्याच जिल्ह्यातल्या धडगावला भूलतज्ज्ञ आला असे आपोआप होत नाही.

चौथा आक्षेप गंभीर आहे आणि तो घेणारे बहुतेक सज्जन असतात : शहरातल्याला एमडी आणि आदिवासी बाईला अठरा आठवड्यांवाला, हा न्याय आहे का? नाही. पण तुलना कशाशी करायची ते आधी ठरवू. त्या बाईपुढे एमडी आणि अर्धप्रशिक्षित असे दोन पर्याय नसतात. तिच्यापुढे असतो प्रशिक्षित डॉक्टर किंवा घाटातून तासन्‌तास चालणारी रुग्णवाहिका. मोझांबिकने १९८४ पासून शस्त्रक्रिया करणारे तंत्रज्ञ घडवले, जे डॉक्टर नव्हते. त्यांनी केलेल्या सिझरचे निकाल डॉक्टरांच्या निकालांच्या तोडीचे निघाले. त्याहून मोठी गोष्ट : सात वर्षांनी पाहिले तेव्हा त्यांच्यातले सुमारे ८८ टक्के जिल्हा रुग्णालयांतच होते आणि तिथे नेमलेल्या डॉक्टरांपैकी एकही उरला नव्हता. छत्तीसगडने २००१ मध्ये सुरू केलेल्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमातून ग्रामीण वैद्यकीय सहायक तयार केले. नेहमीच्या आजारांच्या उपचारात ते एमबीबीएस डॉक्टरांच्या बरोबरीचे ठरल्याचे अभ्यासातून दिसले. तोवर तो अभ्यासक्रम बंदही झाला होता. आपल्याकडे गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळांची काळजी शिकवली. श्वास न घेणाऱ्या बाळाला पिशवीने श्वास देणे, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देणे, हे सारे त्या आरोग्यदूत करत. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल आले तेव्हा त्या गावांतले नवजात मृत्यू निम्म्याहून अधिक घटले होते. २०११ मध्ये ही पद्धत आशाताईंमार्फत देशभर नेण्याचे धोरण ठरले. त्याआधी जामखेडला, १९७० पासून, डॉक्टर आरोळे दांपत्याने गावातल्या स्त्रियांना शिकवून हेच दाखवले होते.

तरी या आक्षेपातली एक गोष्ट मी मान्य करतो. तात्पुरता उपाय आपल्याकडे कायमचा होतो. अठरा आठवड्यांवाला मिळाला की एमडीची जागा मागायचे सोडून देतात. म्हणून हा मार्ग शिडीला जोडलेला हवा : अठरा आठवडे, मग त्याच जिल्ह्यात काम, मग सेवेतून पदविका, मग हवी तर पदवी, आणि प्रत्येक पायरीला पगार व पदनाम. शिडीशिवायचे छोटे प्रशिक्षण ही फसवणूक आहे, गरिबाची आणि शिकणाऱ्याचीही.

६. करायचे काय

करण्यासारखे बरेच आहे, पण त्यात चमकदार काही नाही. नेमणूक माणसाची न करता चमूची करावी : भूल, सिझर, बाळ आणि रक्त एका आदेशात, एका ठिकाणी. जिल्ह्यात चार ठिकाणी अर्धे चमू ठेवण्यापेक्षा दोन ठिकाणी पूर्ण ठेवावेत आणि रस्ता व रुग्णवाहिका त्यांच्याकडे वळवावी. आमदारांना हे रुचणार नाही. प्रत्येकाला आपल्या तालुक्यात पाटी हवी असते.

परिचारिकांचा विचार तर व्हायलाच हवा, कारण त्या टिकतात. २०१८ मध्ये केंद्राने अठरा महिन्यांच्या प्रशिक्षणातून परिचारिकांना स्वतंत्रपणे बाळंतपण करणाऱ्या प्रसविका बनवण्याचे धोरण आणले. ते मनापासून राबवले तर स्त्रीरोगतज्ज्ञाच्या हाती फक्त गुंतागुंतीची बाळंतपणे उरतील. आणि प्रशिक्षण देऊन अवघड जागा भरता येते हे महाराष्ट्र शासनाला ठाऊक नाही असेही नाही. २०२४ मध्ये राज्याने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्गला कुशल मनुष्यबळ पुरवायचा करार केला. त्यात परिचारिका आहेत, आणि जाण्याआधी त्यांना जर्मन भाषा शिकवण्याची सोयही आहे. जर्मनांच्या रिकाम्या जागेसाठी आपण निवड, प्रशिक्षण, भाषा आणि पुढची वाट असे सगळे क्रमाने आखतो. अक्कलकुव्यासाठी जाहिरात देतो.

वाचकांना एक विनंती. सरकारी रुग्णालयांना रुग्ण कल्याण समिती असते आणि तिच्यात लोकप्रतिनिधी बसतात. तुमच्या तालुक्यातल्या समितीला तीन आकडे लेखी विचारा : गेल्या वर्षात इथे किती सिझर झाली, किती बायका पुढे पाठवल्या, आणि त्यातल्या किती केवळ भूल देणारे कोणी नव्हते म्हणून.